जयपूरचं गाणं कोरडं वाटतं म्हणणाऱ्यांसाठी

गाण्यातलं थोडंफार कळणारी माणसं एक वाक्य फार सहज बोलून जातात. 'जयपूरवाल्यांचं गाणं बुद्धीचं. मान डोलते, पण डोळे भरत नाहीत.' हे वाक्य पुण्या-मुंबईत ऐकलं तर मी सोडून देतो. पण आपल्या कोल्हापुरात, मैफल संपवून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलं की मनापासून वाईट वाटतं. कारण ही जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथं वाढली आहे. आणि माझे डोळे आजवर ज्या गाण्यांनी भरले, त्यातली बहुतेक याच घराण्याची आहेत. तेव्हा आज जरा सविस्तर लिहितो. ज्यांना शास्त्रीय संगीत 'आपलं काम नाही' असं वाटतं, त्यांनीही वाचावं. यात फार व्याकरण येणार नाही.

या घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ १८९५च्या सुमारास कोल्हापुरात आले आणि शाहू महाराजांच्या दरबारी राहिले. १९२२ साली महाराज गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले. म्हणजे पाव शतकाहून जास्त काळ हा माणूस इथल्या गल्ल्यांतून फिरला, इथं गायला, इथं शिष्य तयार केले. पण त्याआधी त्यांच्या आयुष्यात जे घडलं, ते फार कमी लोक सांगतात. तरुणपणी राजस्थानात असताना, अतोनात गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला. गवयाचा आवाज गेला म्हणजे सगळंच गेलं. पुढं आवाज परत आला, पण तो पहिला उरला नव्हता. मग जो आवाज हाती उरला, त्याला शोभेल असं गाणं त्यांनी नव्यानं बांधलं. स्वर लांबवून रेंगाळायचं नाही, लयीला सोडायचं नाही, तालाचं आवर्तन, म्हणजे पूर्ण फेरा, भरत भरत जायचं, तान सरळ न टाकता वळणं घेत टाकायची. ज्या गायकीला लोक कोरडी म्हणतात, ती अशी जन्माला आली. हे कळल्यावर मला तिच्यातली शिस्त कधीच थंड वाटली नाही.

खाँसाहेबांची स्वतःची एकही ग्रामोफोन रेकॉर्ड नाही. ते कसे गायचे हे आपल्याला शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकावं लागतं.

आता मुद्द्याचं. हे गाणं हलवतं ते कशानं?

आपल्या खासबाग मैदानात मोठी कुस्ती लागलेली असते तेव्हा बघा. सुरुवातीची खडाखडी चाललेली असते. एकमेकांच्या मानेवर हात, पाय मागे रोवलेले, मिनिटं जातात आणि वरवर पाहता काहीच होत नाही. पण मैदानातलं एकही माणूस तिथून नजर हलवत नाही. बारका पोरगासुद्धा जागचा हलत नाही. कारण दोघांच्या अंगातला जोर बघणाऱ्याच्या अंगात उतरलेला असतो. त्या कुस्तीला कोरडी म्हणणारा माणूस कोल्हापुरात सापडायचा नाही. जयपूरच्या गाण्यात असंच असतं. सोळा मात्रांचा तीनताल सावकाश चाललेला असतो, गायिका त्यात आकारानं स्वर भरत निघालेली असते, मध्ये फट नाही, श्वास कुठं घेतला ते कळत नाही, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ येत असते. येते, येते, आता कशी गाठणार असं वाटतं, आणि बंदिशीचा मुखडा घेऊन ती नेमकी समेवर उतरते. त्या क्षणी छातीतून जे काही सुटतं, त्याला मी तरी भावनाच म्हणतो. रडवेला सूर नाही, शब्दांची आळवणी नाही, तरीही.

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची ललितागौरी ऐका. 'प्रीतम सैंया'. जुनी रेकॉर्ड आहे, साडेतीन मिनिटांच्या आसपासची, खरखर आहे, तबला मागे कुठंतरी ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकताना आवाज करडा वाटेल. लाडिक काही नाही. ललित आणि गौरी हे दोन राग एकमेकांत असे विणलेले आहेत की हा कुठं संपला आणि तो कुठं सुरू झाला ते दाखवता येत नाही. संध्याकाळचा राग आहे, आणि मी तो रंकाळ्यावर, दिवे लागायच्या आधी ऐकतो. त्या वेळेची जी हुरहूर असते, ती बाई कुठंही उचलून दाखवत नाहीत. त्या फक्त गातात, ठाम. हुरहूर आपोआप आपल्या पदरात येऊन पडते. दु:ख दाखवणारं गाणं मला पटकन भिडतं आणि पटकन विसरायलाही होतं. केसरबाईंची ही साडेतीन मिनिटं मात्र वर्षानुवर्षं पाठ सोडत नाहीत.

(त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीतून अंतराळात गेली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. व्हॉयेजर-१ सप्टेंबरमध्ये उडालं आणि त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. लहानपणी त्या काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या होत्या, हे मात्र आपल्या गावातसुद्धा फार जणांना माहीत नसतं.)

मल्लिकार्जुन मन्सूरांबद्दल किती लिहू असं होतं. माणूस धारवाडजवळच्या मन्सूर गावचा. आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडं ग्वाल्हेरची तालीम, मग अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ. ते १९३७ साली अकाली गेले, तेव्हा त्यांचे भाऊ भूर्जी खाँ यांच्याकडं. मन्सूरबुवांचा राग बसंती केदार काढा, 'अतर सुगंध'. बसंतातले रिषभ-धैवत कोमल, केदारातले शुद्ध. एकाच रागात हे दोन्ही नांदवायचे म्हणजे अवघड काम. पण ऐकताना कुठं अवघड वाटतंय? बुवा प्रस्तावना फार करत नाहीत, बंदिश धरतात आणि चालू लागतात. केदारातून निघतात, वळणावर बसंत उभा असतो, पुढच्या वळणावर पुन्हा केदार. मला दर वेळी हसू येतं. आनंदानं. डोळ्यांत पाणी आणणारं गाणं दु:खाचंच असतं असं कोणी सांगितलं? ऐंशीच्या घरातल्या बुवांची ध्वनिमुद्रणं ऐका. आवाज झिजलेला आहे, पण ओढ तरुण आहे. झिजलेल्या आवाजातून निघालेली ती सरळ, स्वच्छ ओढ ऐकताना मला भरून येतं. तिथं राग कोणता, थाट कोणता, काही सुचत नाही.

आता किशोरीताई, म्हणजे किशोरी आमोणकर. इथं जरा थांबतो, कारण त्यांच्या 'सहेला रे' बद्दल सगळे बोलतात आणि बरेच जण फक्त शब्दांबद्दल बोलतात.

माझी पुतणी गाणं शिकते. तिचा तानपुरा बोलेनासा झाला, म्हणून आम्ही दोघं मिरजेला घेऊन गेलो. मिरजेतल्या त्या गल्लीत तंतुवाद्यं करणारी घरं आहेत, पिढ्यान् पिढ्या. दारात वाळत घातलेले भोपळे, आत लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. तिथल्या चाचांनी तानपुरा मांडीवर घेतला, एक तार छेडली आणि मान हलवली. जवारी बसली होती. घोडीवर तार जिथं टेकते ती जागा त्यांनी कानसीनं अगदी हलक्या हातानं घासली, फुंकर मारली, पुन्हा तार चढवली. मग तारेखाली सुती दोरा सरकवला. तार छेडायची, दोरा केसभर पुढं, पुन्हा छेडायची, केसभर मागं. बराच वेळ आवाज बंदच होता. ठोकळ्यासारखा. आणि एका क्षणी तो उघडला. मधमाश्यांचं पोळं जागं व्हावं तसा खोलीभर झाला. चाचा म्हणाले, "आता खरज ऐक बेटा. त्यात काय बोलतंय?" पुतणी कान लावून ऐकत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, ग ऐकू येतोय. ग ची तारच नाहीये की!"

गंधाराची तार नसते. खरजाची, म्हणजे खालच्या सा ची, तार नीट जुळली, जवारी नीट उघडली की त्यातून गंधार आपोआप निघतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

त्या दिवशी परतताना गाडीत आम्ही किशोरीताईंचा राग भूप लावला. भूपात स्वर पाचच. सा रे ग प ध. याच पाच स्वरांत देशकारही आहे, पण देशकाराचा जीव धैवतात आणि भूपाचा गंधारात. 'प्रथम सूर साधे'पासून सुरुवात केली. ताई त्या गंधारावर येतात तेव्हा तो लावत नाहीत, तानपुऱ्यातून जो आधीच निघतो आहे त्यात जाऊन मिसळतात. मिरजेत ऐकलेला तोच ग. पुतणी काही बोलली नाही, तिनं आवाज थोडा वाढवला. मग 'सहेला रे' आलं. ये, मिळून गाऊ, सात सुरांचे भेद सांगू. पाचच स्वरांच्या रागात सात सुरांची भाषा, आणि ऐकताना कसलीच उणीव वाटत नाही. 'जनम जनम को संग न भूलें' या जागी मला दर वेळी गलबलतं. शब्द सुंदर आहेतच. पण त्याच्या आधी त्या गंधारानं जमीन भिजवून ठेवलेली असते, म्हणून शब्द रुजतात. हेच शब्द दुसऱ्या कुठल्या चालीत बांधा, छान गाणं होईल, एवढं होणार नाही.

किशोरीताईंनी घराणं मोडलं असं म्हणणारे होते, अजूनही आहेत. आलाप लांबवला, लय सैल केली, असे आरोप. मला हा वाद कधी पटला नाही. अल्लादिया खाँसाहेबांनी तरी काय केलं होतं? घरात चालत आलेलं गाणं गळ्याला झेपेना तेव्हा नवीन घडवलं. ताईंनीही स्वतःच्या गळ्याचं आणि मनाचं ऐकलं. त्यांच्या मागं आई होती, मोगूबाई कुर्डीकर, जिच्या लयीपुढं भले भले तबलजी सावध बसायचे. मोगूबाई सांगलीत असताना त्यांचा रियाज खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि तिथून त्यांची तालीम सुरू झाली. सांगली, मिरज, कोल्हापूर. एवढ्याशा टापूत हे सगळं घडलेलं आहे.

मिरजेचं नाव निघालं म्हणून सांगतो, अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी, 'पिया बिन नाही आवत चैन', मला जिवापाड आवडते. तो आवाज ऐकून ज्याचं काळीज हललं नाही त्याच्याशी काय बोलावं! त्यांच्या किराणा घराण्याचं ते गाणं थेट हात धरतं. जयपूरचं गाणं हात धरत नाही, तुम्हाला बरोबर चालायला लावतं. दोन्ही हवीत. पण पहिल्याला भावपूर्ण आणि दुसऱ्याला बुद्धिवादी अशी लेबलं चिकटवली की नवा ऐकणारा दुसऱ्याच्या वाटेला जातच नाही. माझं भांडण या लेबलांशी आहे.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. सगळं गाव हळहळलं. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर आपल्या कित्येकांच्या घरातलं असल्यासारखं होतं, त्यामुळं ते दु:ख खरंच होतं. वास्तू पुन्हा उभी राहिलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच हळहळीतला थोडा वाटा या गाण्याच्याही वाट्याला यावा असं मला फार वाटतं. खाँसाहेबांच्या पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालतो, घालायलाच हवा. पण त्या दिवशी गावात किती घरांतून मोगूबाई ऐकू येतात?

मला एक साधी गोष्ट हवी आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, गावात कुठंही, एखाद्या शाळेचा वर्ग चालेल, कोणाच्या घराचा सोपा चालेल. भाषण नाही, सत्कार नाही, निवेदन नाही. एकच रेकॉर्ड लावायची आणि तीच दोनदा ऐकायची. पहिल्यांदा कळणार नाही, दुसऱ्यांदा सम कुठं येते ते अंगाला कळायला लागतं, हा माझा शिकवणीशिवायच्या ऐकणाऱ्यांबाबतचा नेहमीचा अनुभव आहे. गाणं शिकणारी पोरं यावीत, आणि त्याहून जास्त, न शिकणारी यावीत. तालमीतली पोरं आली तर मला सगळ्यात आनंद होईल, दम धरून बघायचं त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

जागा कोणी देत असेल तर कळवा. स्पीकर माझा. पहिल्या संध्याकाळी केसरबाईंची ललितागौरी लावू, आणि वेळ दिवे लागायच्या आधीची ठेवू.