बेंबीतून डोळ्याकडे नस जात नाही

थंडी पडली की एक मजकूर घरच्या ग्रुपवर फिरून येतो. यंदा तो मावशीने पाठवला. थोडक्यात असा: बेंबी ही निसर्गाची अद्भुत देणगी आहे. गर्भात सगळ्यात आधी तीच तयार होते. तिच्या मागे ‘पेचोटी’ नावाची ग्रंथी असते आणि तिला ७२ हजार नसा जोडलेल्या असतात. कुठली नस सुकली हे बेंबीला कळतं आणि तिच्यात घातलेलं तेल ती बरोबर त्या नसेकडे पाठवते. ६२ वर्षांच्या एका गृहस्थांना डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं, कारण डोळ्याच्या नसा सुकल्या होत्या. म्हणून झोपताना तीन थेंब घाला: डोळ्यांसाठी तूप किंवा खोबरेल, गुडघ्यांसाठी एरंडेल, मुरुमांसाठी कडुनिंबाचं तेल.

तेलाशी माझं भांडण नाही. कोरड्या कातडीला ते लावलं की बरं वाटतं, बेंबीजवळच्या कातडीलाही. भांडण आहे ते या मजकुरातल्या ‘नस’ या शब्दाशी.

आपण हा शब्द फार सैल वापरतो. रक्त काढायला आलेली नर्स म्हणते, ‘नस सापडत नाहीये’; ती असते रक्तवाहिनी. शेजारचे काका म्हणतात, ‘कमरेत नस दबली’. ती असते चेता, म्हणजे मज्जातंतूंची जुडी. रात्री पोटरीत शिरेवर शीर चढते तेव्हा तर दोन्हींपैकी काहीच चढलेलं नसतं, स्नायूला गोळा आलेला असतो. घरात बोलताना यामुळे काही बिघडत नाही. पण हा मजकूर या सैलपणावरच उभा आहे. जोडणी दाखवायची असली की त्याची नस चेता होते, तेल वाहून न्यायचं असलं की नळी होते आणि सुकायची वेळ आली की पाणी न घातलेली वेल होते.

चेता म्हणजे काय हे हाताने बघायचं असेल तर कोपर आठवा. दाराच्या कडेला ते अडलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे एक चेता हाडाला लागून, अगदी कातडीखालून जाते, म्हणून ती आपल्याला सापडते. बेंबीत असं काही नाही.

आता ७२ हजारांचा हिशेब. मेंदूतून चेतांच्या १२ जोड्या निघतात आणि पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतून ३१. एकूण ४३ जोड्या. पुढे त्यांना फाटे फुटतात, पण मूळ वर मेंदूत आणि मागे कण्यात. बेंबीतून एकही निघत नाही. उलट बेंबीभोवतीच्या कातडीची खबर छातीच्या भागातली दहावी मेरुचेता नेते. पाठीकडून पोटाकडे कमरपट्ट्यासारखा वळसा घालून येणारी ती एक साधी चेता. आणि जुड्या सोडून आतले तंतू मोजायचे म्हटलं, तर ७२ हजार हा आकडा फारच कंजूस आहे. एका डोळ्याच्या चेतेतच दहा लाखांच्या आसपास तंतू असतात.

आकडा मात्र हवेतून आलेला नाही. बृहदारण्यक उपनिषदात ७२ हजार नाड्या आहेत, पण त्या हृदयातून निघतात. सुश्रुतसंहितेत सिरांचं, म्हणजे वाहिन्यांचं, मूळ नाभी आहे, पण सिरा ७०० आहेत. पुढे हठयोगाच्या ग्रंथांत ७२ हजार नाड्या नाभीखालच्या कंदातून निघू लागल्या. त्या प्राण वाहणाऱ्या नाड्या, तेल वाहणाऱ्या नव्हेत. सुश्रुताने नाभीला मूळ म्हणणं मला तरी अडाणीपणाचं वाटत नाही. गर्भाचं सगळं पोषण खरोखर तिथूनच येतं. पण नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला, अशा तीन रक्तवाहिन्या असतात. चेता नसतात, म्हणून तर ती कापताना बाळाला दुखत नाही. जन्मानंतर या वाहिन्या बंद होतात. नीलेची तर यकृताकडे जाणारी एक दोरी उरते. बाहेरून दिसते ती बेंबी म्हणजे भरून आलेला व्रण. राहिली ‘पेचोटी’. गुजरातीत बेंबी सरकण्याला ‘पेचोटी खसवी’ म्हणतात, त्यातलीच ही दिसते. या नावाची ग्रंथी शरीरात नाही.

‘सगळ्यात आधी बेंबी’ हेही उलटंच. चेतासंस्थेचा पहिला पट्टा गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात दिसतो आणि चौथ्या आठवड्याच्या अखेरीस त्याची नळी मिटते. नाळेला नाळेचा आकार येतो तो त्यानंतर.

खरी गंमत चेतापेशीत आहे. तिला एक पेशीकाय, म्हणजे पेशीचं धड, त्याला फुटलेल्या वृक्षिका, म्हणजे आखूड फांद्या, आणि अक्षतंतू नावाचा एक लांब धागा. पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या पेशीचा अक्षतंतू सुमारे मीटरभर लांब असतो, आणि जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी. चेता पोकळ असतात आणि त्यांतून काहीतरी सूक्ष्म वाहतं, असं युरोपातही शेकडो वर्षं मानत होते. त्यामुळे मावशी एकटी नाही. पण संदेश वाहत जात नाही. पेशीच्या पडद्यावरची दारं उघडतात, सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत येतात, मग पोटॅशियमचे बाहेर जातात, आणि हीच उलथापालथ तंतूभर पुढे सरकते. मायलिनचं वेष्टण असलेल्या जाड तंतूत ती सेकंदाला शंभर मीटरच्याही वर पळते. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत मीटर-दोन मीटर.

शिवाय हे सगळं जाळं एकसंध नाही. त्यावरून मोठा वाद झाला होता. इटलीचे शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी म्हणायचे, मेंदू म्हणजे एकच सलग जाळं. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी गॉल्जींचीच रंगवण्याची पद्धत वापरून दाखवलं की प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गॉल्जींनी त्या भाषणातही आपलं जाळं सोडलं नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर पेशींमधली फट डोळ्यांना दिसली, आणि काहाल बरोबर ठरले. तेव्हा बेंबीतल्या तुपाला डोळ्यापर्यंत जायचं, तर वाटेत नळीही नाही आणि सलग रस्ताही नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, मायलिन स्निग्ध असतं ना, मग तूप घातलं तर काय वाईट? मायलिन स्निग्ध असतं हे खरं. पण ते बाहेरून माखत नाहीत. शरीरभरच्या चेतांमध्ये श्वान (Schwann) पेशी आणि मेंदू-मेरुरज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या ग्लिया, म्हणजे चेतापेशींच्या मदतनीस पेशी ते स्वतः घडवून तंतूभोवती गुंडाळतात. ते बिघडतं तेव्हा कारण बहुधा आतलं असतं. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी मायलिन झिजतं, पायांना मुंग्या येतात. त्यावर साधी रक्ततपासणी आहे.

त्या ६२ वर्षांच्या गृहस्थांबद्दल मात्र हसू येत नाही. डोळ्याची चेता नेत्रगोलाच्या मागून निघून थेट मेंदूत जाते, डोक्याबाहेर ती पडतच नाही. डोळ्याला रक्त येतं मानेतून वर जाणाऱ्या रोहिणीच्या फाट्यातून. ती वाट अचानक तुंबली तर डोळ्याचा पडदा काही तासांत कायमचा निकामी होऊ शकतो. काचबिंदूत चेतेचे तंतू वर्षानुवर्षं मुकाट्याने मरतात, आणि मेलेले परत येत नाहीत. उरलेले वाचवता येतात. एका डोळ्याने एकाएकी दिसेनासं झालेला माणूस तीन थेंब घालून सकाळपर्यंत थांबला, तर त्याची सकाळ फार महाग पडेल.

‘पण पोटाचा कुठलाही त्रास बेंबीपाशीच सुरू होतो ना?’ हा प्रश्न मला आवडतो, कारण यात निरीक्षण खरं आहे. अपेंडिक्सला सूज येते तेव्हा दुखणं बहुतेकदा आधी बेंबीभोवती जाणवतं आणि मग उजवीकडे खाली सरकतं. अपेंडिक्सची खबर मेरुरज्जूच्या ज्या मजल्यावर पोचते, त्याच दहाव्या मजल्यावर बेंबीजवळच्या कातडीची खबरही येते. मेंदूची गफलत होते; कातडीचा पत्ता ओळखीचा, म्हणून तो बेंबीकडे बोट दाखवतो. पुढे सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की खरा पत्ता कळतो.

शेवटी, चेतांमधून काहीच वाहत नाही असं म्हटलं तर तेही चूक होईल. अक्षतंतूच्या आत पेशीची स्वतःची मालवाहतूक चालते, दोन्ही दिशांनी, जलद मालाची दिवसाला चाळीसेक सेंटिमीटरपर्यंत. या वाटेने बेंबीकडून खरोखर एक गोष्ट मेरुरज्जूत पोचू शकते: धनुर्वाताचं विष. बाळाची नाळ घाणेरड्या पात्याने कापली किंवा ओल्या नाळेवर शेण, राख, माती लावली की जंतू तिथे वाढतात. त्यांचं विष रक्तातून पसरतं, स्नायूंमधल्या चेतांच्या टोकांत शिरतं आणि तंतूच्या आतून उलटं वर चढतं. दोन-तीन दिवस छान दूध ओढणारं बाळ एकाएकी ओढेनासं होतं, मग ताठ होतं. आईला लस, स्वच्छ हात, स्वच्छ पातं आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांच्या जोरावर २०१५ साली भारताने नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. जंतू मातीत आहेतच.

मावशीच्या सुनेचे दिवस फेब्रुवारीत भरतात. मी मावशीला एवढंच कळवलंय: तुझ्या बेंबीत हवं तर रोज तूप घाल, बाळाची नाळ मात्र कोरडी राहू दे.