सत्तेचाळीस कोटी एकोणऐंशी लाख

ज्या पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो, त्याच पतसंस्थेच्या अकाउंटंटनं रविवारी मला भामटा ठरवून फोन ठेवून दिला. वर नंबरही ब्लॉक केला. आमची ओळख जुनी, दिवाळीचा फराळ एकमेकांकडे जातो. तरीही. अजून पचलेलं नाही, म्हणून लिहितोय.

झालं होतं एवढंच. मार्चएंडमुळे शाखा रविवारी उघडी. बाहेर रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं फायबर तोडली. राउटर आपोआप सिमकार्डवर गेला, सगळ्यांचं व्हॉट्सॲप चालू राहिलं, म्हणजे शाखेच्या दृष्टीनं सगळं चालू. आणि नेमका त्याच दिवशी सर्व्हरचा सी ड्राइव्ह भरला आणि व्याज आकारणी मध्येच अडकली.

एरवी मी वायरगार्डच्या बोगद्यातून (म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी, कुलूपबंद वाटेनं) शाखेत शिरतो आणि आत गेल्यावर आरडीपीनं, म्हणजे दूरून संगणक चालवायच्या विंडोजच्याच सोयीनं, सर्व्हर उघडतो. पण बोगद्याला शाखेचा स्थिर पत्ता लागतो, आणि सिमकार्डवर तो नसतो. मोबाइल कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. आपल्या राउटरला मिळतो तो १००.६४ ते १००.१२७ या खासगी टापूतला नाही तर तसलाच कुठला तरी पत्ता. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून दार वाजवलं तर ते कंपनीच्या दारावर वाजतं, शाखेच्या नाही. राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरच्यांसाठी दारं उघडा, उपयोग शून्य. यावर इलाज आहे. मध्ये भाड्याचा एक छोटा क्लाउड सर्व्हर ठेवायचा, शाखेच्या राउटरनं आपणहून त्याला जोडून घ्यायचं आणि कीपअलाइव्ह (‘मी आहे’ असा अधूनमधूनचा इशारा) २५ सेकंदांवर ठेवायचा, म्हणजे वाट मिटत नाही. भाडं किरकोळ असतं. त्याचा अर्ज संचालक मंडळापुढे ‘पुढच्या मीटिंगला बघू’ या शेऱ्यासह पडून आहे.

मग राहतात एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क ही दुसऱ्याचा संगणक दूरून चालवू देणारी मंडळी. यांत दोन्ही टोकं आतून बाहेर फोन लावतात आणि मधला सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, म्हणून राउटरला हात लावावा लागत नाही. लागतो फक्त पलीकडे एक माणूस, जो पडद्यावरचा आकडा वाचेल.

त्या दिवशी पलीकडे होते तेच अकाउंटंट, भाऊसाहेब.

“भाऊसाहेब, एनीडेस्क उघडा आणि वर लाल पट्टीखाली जो आकडा दिसतो तो वाचा.”

“सत्तेचाळीस कोटी एकोणऐंशी लाख…”

तो आकडा नऊ-दहा अंकी असतो आणि तीन-तीनच्या गटात दाखवतात. पण उभं आयुष्य खतावणीत गेलेल्या माणसाला नऊ अंक दिसले की स्वल्पविराम आपोआप पडतात, त्याला कोण काय करणार!

“एकोणऐंशी की एकोणसत्तर?”

“एकोणऐंशी. ऐंशीला एक कमी.”

“भाऊसाहेब, सुटे सुटे सांगा ना.”

“सुटे कसले? रोकड आहे का ही?”

खरखरत्या फोनवर एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे एकाच आईचे तीन मुलगे वाटतात. एक अंक चुकला तरी तो आकडा दुसऱ्या कुणाचा असू शकतो, आणि मग भलत्याच गावातल्या भलत्याच माणसाच्या पडद्यावर आपली विनंती जाऊन बसते. म्हणून आकडा घेतला की उलट वाचून दाखवावा, एकेक अंक. मी वाचून दाखवला. भाऊसाहेबांनी तो वहीत लिहून ताडून पाहिला. बेरीजही केली असावी.

“आता एक चौकट आली असेल. त्यात ॲक्सेप्ट दाबा.”

बराच वेळ शांतता. मग हळूहळू, कोर्टात कागद वाचावा तसं, भाऊसाहेबांनी ती चौकट मोठ्यानं वाचली. “यात लिहिलंय, कीबोर्ड आणि माउस वापरू द्यायचा. कुणाला?”

“मला.”

“आवाज ऐकायला द्यायचा. क्लिपबोर्ड द्यायचा. फायली द्यायच्या. एवढं सगळं तुम्हाला कशाला?”

प्रश्न रास्त होता. त्या चौकटीत प्रत्येक परवानगीचं बटण वेगळं असतं, आणि मला आवाज नको होता, फायलीही नको होत्या. तसं सांगितलं. तेवढ्यात भाऊसाहेबांची नजर काउंटरच्या काचेवर गेली. तिथे एक कागद चिकटवलाय: ‘कुणी फोनवरून एनीडेस्क किंवा तत्सम ॲप उघडायला सांगितल्यास ताबडतोब फोन ठेवा.’ रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये याच ॲपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं, तेव्हापासूनचा तो कागद. शाखेला तो मीच छापून दिला होता.

“काय हो,” भाऊसाहेबांचा आवाज बदलला, “तुम्ही तुम्हीच आहात कशावरून?”

“अहो, आवाज ओळखत नाही का माझा?”

“आवाज हल्ली काढतात. पेपरात आलं होतं.”

“दिवाळीला तुमच्या घरून अनारसे आले होते मला.”

“ते मी सगळ्यांकडे पाठवतो.”

“सर्व्हरच्या मागे निळी वायर आहे, तिला मीच पिवळी चिकटपट्टी लावलीय.”

“म्हणजे तुम्ही आमच्या सर्व्हररूममध्येसुद्धा शिरलात!”

आणि फोन खाली. पुन्हा लावला तर ब्लॉक.

मी चिडलो, हे लपवत नाही. पण चिडता चिडता लक्षात आलं की जे भाऊसाहेबांनी केलं ते आमच्या धंद्यात कुणीच करत नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरायला बसलं. तेव्हा टेलनेट या जुन्या सोयीनं दूरच्या यंत्रात लॉगिन केलं की पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा जायचा. तिथल्या तातू युलोनेन यांनी वैतागून एसएसएच लिहिलं, दूरच्या यंत्रात कुलूपबंद वाटेनं शिरायची सोय. फायली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा होता, तो रीतसर मागून घेतला. त्या एसएसएचमध्ये पहिल्यांदा जोडताना प्रश्न येतो: हे यंत्र तेच आहे याची खातरी देता येत नाही, हा त्याचा ठसा (ओळखीची अक्षरं), पुढे जायचं का? आणि जगभरचे ॲडमिन तो ठसा न बघता ‘यस’ टाइप करून चहा प्यायला जातात. भाऊसाहेब ‘नो’ म्हणाले. माझं दुर्दैव हे की तो ठसा माझा होता.

खरं तर हे काम मिनिटभराचं असतं. सर्व्हरसमोर बसलेल्याला एसएसएच-कीजेन हायफन एल एफ चालवून ठसा वाचायला सांगायचा, आपल्या पडद्यावरच्याशी ताडायचा, मगच ‘यस’. आणि नंतर कधी ‘यंत्राची ओळख बदलली आहे’ असा आरडाओरडा झाला, तर आधी सर्व्हर कुणी नव्यानं बसवला का ते विचारायचं. लोक काय करतात? ज्ञात यंत्रांच्या यादीतली जुनी ओळ उडवतात आणि पुढे जातात. इशारा देणाऱ्यालाच हाकलून द्यायचं.

असो. चेअरमनसाहेब एका लग्नात होते. मागे बँजो वाजत असताना त्यांना सगळं समजावलं, मग त्यांनी भाऊसाहेबांना फोन करून ‘तो तोच आहे’ अशी ग्वाही दिली. मग माझा नंबर मोकळा झाला आणि ॲक्सेप्ट दाबलं गेलं.

आत गेलो. भाऊसाहेबांच्या संगणकावर ॲडमिनचं काम काढलं आणि माझा पडदा गोठला. हे नेहमीचं. विंडोज ‘परवानगी आहे का’ विचारते तेव्हा ती चौकट वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर दाखवते. नुसतं डाउनलोड करून चालवलेल्या रिमोट ॲपला ती दिसत नाही. सेवेच्या रूपात इन्स्टॉल केलेलं असेल तर दिसते. इथे नव्हतं. पलीकडून आवाज आला, “सगळं काळसर झालं. मी काही केलेलं नाही.” त्यांना ‘यस’ दाबायला सांगितलं. “पुन्हा यस?”

तुम्ही विचाराल, मग लोक सरळ आरडीपीच का वापरत नाहीत? कारण साध्या विंडोजमध्ये आरडीपीनं शिरलं की समोर बसलेल्याचा पडदा लॉक होतो, एका वेळी एकच. होम आवृत्तीत तर आरडीपीनं शिरताच येत नाही. समोरच्याला दाखवत दाखवत काम करायचं तर एनीडेस्कसारखं काहीतरी किंवा विंडोजचंच क्विक असिस्ट, आणि एकट्यानं कारभार करायचा तर आरडीपी. आणि कृपा करून राउटरवर ३३८९, म्हणजे आरडीपीचा पोर्ट, उघडा टाकू नका. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं, त्यातून पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. ‘मग आम्ही ३३९० वर टाकला’ म्हणणारे लोक मला अजून भेटतात. चोराला अख्खी गल्ली तपासायला काही मिनिटं पुरतात.

भाऊसाहेबांच्या संगणकावरून सर्व्हरला आरडीपी लावला, तर पासवर्ड चुकीचा. अक्षरं बरोबर, ठिपके बरोबर, पासवर्ड चूक. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर होता. त्यात शिफ्ट आणि दोन दाबलं की ॲट द रेट येत नाही, चंद्र येतो. पासवर्डच्या चौकटीत चंद्रही ठिपक्यासारखाच दिसतो, त्यामुळे वर्षभर शोधलं तरी कळणार नाही. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलायची. शंका असेल तर आधी यूजरनेमच्या चौकटीत पासवर्ड टाइप करून बघायचा आणि पुसायचा, मात्र समोरच्याला तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघायला सांगून. भाऊसाहेब दुसरीकडे बघायला तयार नव्हते.

पासवर्ड चालला, तर आत जागा नाही. विंडोज सर्व्हरवर वेगळा परवाना न घेता कारभारासाठी दोनच जण बसू शकतात. दोन्ही खुर्च्यांवर सॉफ्टवेअरवाल्यांची भुतं. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबून गेलं की माणूस जातो आणि सेशन राहतं. साइन आउट करायचं असतं, हे त्या पोरांना सांगून जीभ झिजली. कमांड प्रॉम्प्टवर सर्व्हरचं नाव देऊन क्वेरी सेशन, मग लॉगऑफ आणि त्यापुढे सेशनचा क्रमांक. कायमचा इलाज हवा तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमावलीत) तुटलेल्या सेशनला वेळेची मर्यादा घाला. आणि हो, आरडीपीच्या आत कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तर ते आपल्याच संगणकाला लागतं. आत पाठवायला कंट्रोल-ऑल्ट-एंड.

मूळ दुखणं अगदीच फालतू निघालं. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद (लॉग) बॅकअप होईपर्यंत जपणारा, आणि लॉगचा बॅकअप कुणी लावलेलाच नाही. अशा वेळी लॉग फाइल आतून मोकळी होत नाही, नुसती फुगते. लॉग बॅकअप घेतला, मग फाइल आक्रसून घेतली, जागा झाली. रखडलेले अपडेट रीस्टार्ट मागत होते, तोही दिला.

सर्व्हर परत आला नाही.

अशा वेळेसाठीच सर्व्हरमध्ये एक स्वतंत्र छोटा संगणक असतो. कुणाकडे त्याला आयड्रॅक म्हणतात, कुणाकडे आयएलओ. सर्व्हर मेलेला असला तरी हा जिवंत असतो आणि चालू होतानाचा पडदा दाखवतो. इथे त्याला स्वतःची नेटवर्क वायर होती, तीच पिवळ्या चिकटपट्टीची. आयड्रॅककडून उत्तर नाही.

“भाऊसाहेब, ती निळी वायर…”

“ती मोकळीच होती. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला लावली.”

मग भाऊसाहेब फोन कानाला लावून सर्व्हररूममध्ये गेले आणि डोळ्यांनी पाहून मला पडदा सांगू लागले. “काळ्यावर पांढरं. बॅटरीचं काहीतरी आहे. खाली, प्रेस एफ वन टू कंटिन्यू.”

“दाबा.”

“कशावर? इथे कीबोर्ड नाही.”

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ जातीचा सेल उतरत आला होता, पन्नासेक रुपयांचा. त्याची तक्रार सांगायला अख्खा सर्व्हर थांबून राहिला होता. बायोसमध्ये (सर्व्हर चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘चूक दिसल्यास एफ वनसाठी थांबा’ ही सोय बंद करता येते, आणि जिथे कीबोर्ड-मॉनिटर नसतो तिथे ती बंदच हवी. भाऊसाहेबांनी स्वतःच्या टेबलावरचा कीबोर्ड उपटून आणला, एफ वन दाबला, व्याज आकारणी सुरू झाली.

सोमवारी बिल पाठवलं. भाऊसाहेबांचा फोन आला, प्रेमानं. “बिल मिळालं. पण व्हिजिट चार्ज कसला? तुम्ही आलाच नाहीत.”

“काम तर झालं ना?”

“ते माझ्यासमोरच झालं. माउस आपोआप फिरत होता. कीबोर्ड मी नेला, बटण मी दाबलं. चेअरमनसाहेबांनी मीटिंगमध्ये माझं अभिनंदनही केलं.”

यावर काय बोलणार? चार तास एसटीनं जाऊन त्यांच्यासमोर चहा ढोसत बसलो असतो, तर हेच बिल बिनबोभाट निघालं असतं. लवकर झालेलं काम स्वस्त आणि न दिसलेलं काम फुकट, हा हिशेब त्या शाखेत एकट्या भाऊसाहेबांचा नाही. मी सगळीकडे हाच ऐकतो. ‘घरबसल्या’ म्हटलं की बिलातून निम्मी रक्कम आपोआप वजा होते.

“तसं नाही,” भाऊसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “ऑडिटला व्हिजिट रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि सही लागते. तुम्ही एकदा येऊन सही करून जा, लगेच बिल काढतो. आणि येताना ओळखपत्र आणा.”