म्हणे, "आज बंद आहे"!

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसपाशी पाठीवर सॅक दिसली रे दिसली की कुणीतरी गोड हसत आलाच. "आज बंद आहे, बुद्धाचा सण!" अरे बाबा, समोर तिकिटाची रांग दिसतेय मला! तीन दिवसांत ही चौथी वेळ. पुढचं तर आता तोंडपाठ झालंय: वीस थाई बाटमध्ये टुकटुक रिक्षा, तोंडी लावायला एखादं देऊळ, मग रत्नांचं दुकान, मग सूट शिवणारा शिंपी. इथे घामानं बनियन पिळून काढतोय मी, आणि सूट शिवू? दुकानांचं कमिशन त्या गोडबोल्याचं, दिवस माझा पाण्यात. वैतागून चाओ फ्राया नदीची बोट धरायला गेलो, तर धक्क्याबाहेर आणखी एक उभा. "बोट बंद आहे." त्याच्यामागे बोट धक्क्याला लागत होती!