समुद्र चालू आहे, बाकी बंद

मुलगी इटलीत बोलोन्याला शिकते. जानेवारीत आम्ही तिच्याकडे गेलो आणि नेमक्या तिच्या परीक्षा आल्या. आईबाबांना घराबाहेर कसं काढायचं, हा प्रश्न तिने रिमिनीत दोन रात्रींचं हॉटेल बुक करून सोडवला. "बाबा, समोर समुद्र! आणि भाडं उन्हाळ्याच्या पाव!" 'पाव' ऐकलं की माझी बुद्धीही तेवढीच उरते.

आगगाडीने तासाभरात पोचलो. बरोबर उतरलेली माणसं गावाकडे वळली. समुद्राकडे निघालो ते आम्ही दोघंच.

रिमिनीचा किनारा सुमारे १५ किलोमीटरचा. त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला नंबर दिलेला. उन्हाळ्यात तिथे भाड्याच्या छत्र्या रांगेने उभ्या असतात. आता छत्र्या गायब, खोपट्यांना कुलपं, नंबर तेवढे शाबूत. हिवाळ्यातल्या लाटा आत घुसू नयेत म्हणून बुलडोझरने वाळूचा बांध घातलेला. आमच्या 'सी व्ह्यू' खोलीतून हा बांध दिसत होता, आणि त्यामागे धुकं. आपल्याकडे शेजारी बांधकाम काढलं की असा ढीग फुकटात दिसतो.

हॉटेलात पाहुणे आम्हीच. मालकीणबाई घरातही ओव्हरकोट घालून वावरत होत्या, तेव्हाच मला समजायला हवं होतं. खोलीतला रेडिएटर तापाच्या माणसाच्या कपाळाइतका गरम. ही त्यावर हात ठेवून बसली आणि त्याची काळजी करू लागली.

बाहेर प्रत्येक दारावर एकच शब्द, 'क्यूझो'. म्हणजे बंद. एका ठिकाणी तर 'सुट्टीनिमित्त बंद' अशी पाटी. लोकांच्या सुट्टीवर पोट भरणारं गाव स्वतःच सुट्टीवर गेलेलं!

आम्ही मूळचे मालवणचे, त्यामुळे बंद समुद्र आम्हाला नवा नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढतात, झापांनी झाकतात, घरात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलेली असते. पण तेव्हा कोणी सी व्ह्यूचे पैसे लावत नाही. "अहो, यांची नारळी पौर्णिमा कधी?" हिने विचारलं. मी ईस्टरच्या आसपास, असं ठोकून दिलं.

गावात मात्र एक गोष्ट चालू सापडली. रोमन सम्राट टायबेरियसचा पूल. इ.स. २१ मध्ये पूर्ण झाला, अजून लोक ये-जा करतात. पुलाजवळच्या टपरीवर पियादिना मिळाला, तव्यावर भाजलेली, चीज घातलेली गरम पोळी. गुरुवार होता, म्हणून मासे वर्ज्य. हिने दोन पोळ्या मिटक्या मारत खाल्ल्या. नंतर मोबाइलवर कळलं, या पिठात परंपरेने डुकराची चरबी घालतात. ही माझे लेख वाचत नाही याचं एरवी वाईट वाटतं.

संध्याकाळी निदान सूर्यास्त तरी फुकटात बघू, म्हणून बांधावर चढलो. धुकं विरलं होतं. शाल, मफलर, कानटोपी, त्यावर हॉटेलची चादर अशा वेषात वीस मिनिटं समुद्राकडे टक लावून बसलो. अंधार पडला तरी सूर्य काही दिसेना. मग पाठीमागे पाहिलं, तर हॉटेलांच्या मागे आकाश लाल. हा पूर्व किनारा! जन्मभर सूर्य समुद्रात बुडताना पाहिलेल्या माणसांना हे कोण सांगणार? शेजारून एक कुत्रा गेला, तोही स्वेटर घालून. त्याने एकदाही समुद्राकडे पाहिलं नाही.

सकाळी पावणेआठला सूर्य समुद्रातून वर आला तेव्हा मी खिडकीत होतो, ही पांघरुणात. "मावळतोय का?" तिने आतूनच विचारलं.

इतक्यात मुलीचा फोन. "बाबा, एक पेपर पुढे गेलाय. अजून एक रात्र राहता का? मालकीणबाई म्हणतायत, तिसरी रात्र निम्म्या दरात."

"निम्म्या?" मी म्हणालो.

पांघरुणातून हात बाहेर आला आणि फोन घेऊन गेला.