खंजेरी चोरलेली नाही

आमच्या गावच्या पोराचा पहिला रॅप अल्बम आला आणि तिवसा-वरुडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागला: ‘तुकडोजी महाराजांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून खंजेरी उचलली, बाकी सगळी अमेरिकेची नक्कल.’ बीट मी बसवले, म्हणून खुलासा करतो.

महाराजांच्या भजनाचा एकही तुकडा अल्बममध्ये नाही. खंजेरी वाजवली ती आमच्याच भजनी मंडळातल्या काकांनी, देवळाच्या सभामंडपात. आधी त्यांना कानात मशीनचा ठोका देऊन वाजवायला लावलं, तर ठेका मेल्यासारखा झाला. मग मशीन बंद केलं आणि त्यांच्या हाताप्रमाणे ड्रम मागेपुढे सरकवले. म्हणून शेवटच्या अंतऱ्यात लय चढते, भजनात चढते तशीच. मला तोच भाग सगळ्यांत प्रिय आहे.

अमेरिकेचं ऋण मात्र खरं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर लांबवला. रॅप ज्यातलं, त्या हिप-हॉपची सुरुवात तिथली मानतात. ते आम्ही शिकलो, कधी लपवलं नाही. महाराजांचा आश्रम असलेल्या मोझरीची खंजेरी तर लहानपणापासून कानात आहे.

मेसेज ज्या ग्रुपवर टाकला, त्याच ग्रुपवर हेही टाका. काकांच्या हाताला चोरी म्हटलेलं सहन होत नाही.