पीडीएफचे पाच 'नियम' आणि आमच्या मावशीचा फोन

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, आणि त्या दिवशी आमच्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नेमका त्याच गर्दीत पेडण्याहून मावशीचा फोन. "अरे बाबू, म्हज्या फोनांत व्हायरस आयला." कसला व्हायरस, कोणी सांगितलं? तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आलाय. तो तिनं मला पाठवला. दुपारपर्यंत तोच मेसेज आणखी तिघांनी मला काउंटरवर मोबाईल पुढे करून दाखवला. प्रत्येकाला तेच ते सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

मेसेज साधारण असा (शुद्धलेखन माझं): "सावधान! एक, पीडीएफ जगात कुठेही उघडा, सारखीच दिसते. तुमच्याकडे वेगळी दिसली तर मोबाईलमध्ये व्हायरस आहे. दोन, 'प्लीज वेट' येऊन पान अडकलं तर तुमचा डेटा चोरीला जातोय, ताबडतोब खालच्या लिंकवरून सुरक्षित पीडीएफ रीडर टाका. तीन, भरलेला फॉर्म समोरच्याकडे रिकामा पोचला तर पाठवणारा खोटं बोलतोय, कारण पीडीएफमध्ये भरलेलं पुसलं जात नाही. चार, सहीवर हिरवी टिक असेल तरच दाखला खरा, पिवळं प्रश्नचिन्ह म्हणजे नकली. पाच, फॉर्म कधीही ब्राउझरमध्ये भरू नये. सर्व ग्रुपवर पाठवा." खाली लिंक. लिंकच्या शेपटाला 'एपीके', म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायची फाईल.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे चार नुसते अडाणी आहेत, हा घर बुडवणारा आहे.

'प्लीज वेट'चं ते पान तुमचा फोन तयार करत नाही. ते फाईलच्या आतच असतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म बनवला त्यानं ते आधीच घालून ठेवलेलं असतं. त्याच पानावर पुढे लिहिलेलं असतं, की हा मजकूर जाऊन खरा दस्तऐवज दिसला नाही तर तुमच्या पीडीएफ प्रोग्रॅमला या प्रकारचा दस्तऐवज दाखवता येत नसेल. पण पहिले दोन शब्द वाचून माणसं घाबरतात आणि ती ओळ तशीच राहते.

'या प्रकारचा' म्हणजे कुठला? पीडीएफमध्ये भरायचे फॉर्म दोन जातींचे. एक साधा, ॲक्रोफॉर्म, १९९६ च्या पीडीएफ १.२ पासून चालत आलेला. दुसरा एक्सएफए, २००३ मध्ये पीडीएफ १.५ बरोबर आत शिरलेला. या दुसऱ्यात खरा फॉर्म पीडीएफच्या पानावर नसतोच. तो आत वेगळ्या भाषेत लिहून ठेवलेला असतो आणि वरचं पान म्हणजे नुसतं वेष्टन. ज्याला ती भाषा कळते तो प्रोग्रॅम फॉर्म मांडतो. ज्याला कळत नाही तो वेष्टनावरची चिठ्ठी दाखवतो, आणि ती चिठ्ठी म्हणजे 'प्लीज वेट'. रकाने वाढत जाणारे, एक पर्याय निवडला की चार नवीन प्रश्न उघडणारे जाडजूड फॉर्म या जातीचे असतात.

हे माझ्या पदरचं नाही. फायरफॉक्स या ब्राउझरनं ऑक्टोबर २०२१ मध्ये ९३ वी आवृत्ती काढली तेव्हा तिच्या माहितीपत्रकात मुद्दाम नोंदवलं होतं, की आता आमच्या पीडीएफ व्ह्यूअरमध्ये एक्सएफए फॉर्म भरता येतात, आणि असे फॉर्म अनेक सरकारं आणि बँका वापरतात. म्हणजे त्याआधी फायरफॉक्समध्येही हेच पान अडकायचं. साऱ्या जगाच्या फायरफॉक्सला त्या दिवसापर्यंत व्हायरस लागला होता काय? त्याच्या आधीच, २०१७ मध्ये, पीडीएफच्या आंतरराष्ट्रीय मानकाची नवी आवृत्ती आयएसओ ३२०००-२ आली आणि तिनं एक्सएफए मोडीत काढलं. तरी जुने फॉर्म कोण बदलणार? ते अजून फिरतातच.

आता त्या 'सुरक्षित रीडर'कडे या. एक्सएफए ज्या ॲडोबीनं पीडीएफमध्ये आणलं, त्या ॲडोबीचं स्वतःचं मोबाईल ॲपसुद्धा हे फॉर्म उघडत नाही. ॲडोबीचंच वापरायचं तर कॉम्प्युटरवरचं ॲक्रोबॅट रीडर लागतं. मग मूळ कंपनीला मोबाईलवर जे जमलं नाही ते व्हॉट्सॲपच्या लिंकवरून आलेल्या एपीकेला कसं जमणार? त्याला फॉर्म दाखवायचाच नसतो. प्ले स्टोअरला वळसा घालून आलेलं ॲप आधी 'अनोळखी ॲप टाकायची परवानगी द्या' म्हणतं, मग एसएमएस वाचायची मागतं, मग ॲक्सेसिबिलिटीची. एसएमएस मिळाले की ओटीपी मिळाला, आणि ॲक्सेसिबिलिटी मिळाली की तुमच्या पडद्यावर त्याचं बोट. खोट्या लग्नपत्रिका, खोटं आरटीओ चलान, दोन्ही याच वाटेनं आली आणि लोकांची खाती रिकामी करून गेली. आता पीडीएफ रीडर.

मावशीनं लिंक दाबली होती. फाईल उतरलीसुद्धा. पण परवानगीची खिडकी आल्यावर ती घाबरली आणि तिनं फोन उपडा करून देवघरात ठेवला. म्हटलं, फार चांगलं केलंस, आता डाउनलोडमध्ये जा आणि ती फाईल उडव. ज्यांनी टाकलंच असेल त्यांनी आधी इंटरनेट बंद करावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावावा. ॲप काढण्याच्या खटपटीत तासभर घालवू नये.

तिसरा मुद्दा. यात पैसा जात नाही, माणसं जातात. आमच्या ओळखीच्या एका नाटकमंडळीत यावरूनच फाटलं. नाट्यस्पर्धेचा प्रवेशअर्ज सेक्रेटरीनं मोबाईलवर भरला, खजिनदाराला पाठवला. खजिनदारानं लॅपटॉपवर उघडला, तर सगळे रकाने कोरे. "तू भरलाच नाहीस." "भरला, हा बघ माझ्या फोनवर." आणि नेमका तेव्हाच हा मेसेज ग्रुपवर पुरावा म्हणून आला.

दोघेही दुकानात आले, एकमेकांकडे न बघता. मी फाईल कॉम्प्युटरवर उघडली. खरंच कोरी. मग 'दिग्दर्शक' या रकान्यात माउसनं टिचकी मारली आणि नाव उमटलं. बाहेर टिचकी मारली, नाव गायब. पुन्हा आत, पुन्हा नाव. खजिनदारानं माझ्या हातातून माउस घेतला आणि स्वतः सातआठ वेळा करून पाहिलं.

भानामती नाही. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याच्या दोन बाजू फाईलमध्ये वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात: एक, तुम्ही भरलेला मजकूर, दोन, तो मजकूर पानावर कसा दिसायचा त्याचं चित्र. काही मोबाईल ॲप मजकूर लिहितात, चित्र काढत नाहीत, आणि 'चित्र उघडणाऱ्यानं काढावं' एवढी खूण ठेवून मोकळी होतात. उघडणाऱ्या प्रोग्रॅमनं ती खूण मानली तर दिसलं, नाही मानली तर रकाना कोरा. टिचकी मारल्यावर प्रोग्रॅम चित्राकडे न बघता मजकूर दाखवतो, म्हणून नाव उमटतं.

मराठीत भरलं की आणखी एक भानगड. फॉर्म बनवणाऱ्यानं रकान्याला बहुधा हेल्व्हेटिका हा फॉन्ट नेमून दिलेला असतो, आणि त्यात देवनागरीचं एक अक्षर नाही. मग कुठे चौकोन येतात, कुठे काहीच नाही. त्याच मंडळीनं दुसऱ्या एका रीडरमध्ये उघडून पाहिलं तेव्हा 'दिग्दर्शक'ची वेलांटी दच्या उजवीकडे जाऊन बसली होती आणि रफार सुटून र् पाय मोडून पडला होता. गोव्यात मराठी अर्ज काढणाऱ्या संस्थांनो, फाईल बाहेर सोडायच्या आधी एकदा स्वतःच्या मोबाईलवर स्वतःचं नाव भरून बघा की.

सध्याचा उपाय सोपा आहे. भरून झालं की प्रिंटमध्ये जा, प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा आणि ती नवी फाईल पाठवा. त्यात रकाने राहत नाहीत, दिसतंय ते पानावर गोठतं. पाठवायच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघा. मात्र ज्या कार्यालयाचं सॉफ्टवेअर रकान्यांतून थेट माहिती उचलतं तिथे गोठवलेली फाईल चालणार नाही; तिथे कॉम्प्युटर गाठा.

पहिला मुद्दा यातूनच निकालात निघतो. पीडीएफ १९९३ साली आली ती 'कुठेही सारखीच दिसेल' या वचनावर, आणि छापील पानापुरतं ते वचन ती बऱ्यापैकी पाळते, फॉन्ट आत भरलेले असतील तर. रकाने, बटणं, आपोआप होणारी बेरीज, आतला व्हिडिओ, यांना ते लागू नाही. क्रोमचं इंजिन वेगळं, फायरफॉक्सचं वेगळं, आयफोनचं वेगळं. अँड्रॉइडमध्ये पीडीएफ दाखवायची सोय २०१४ मध्ये आली तीही पानाचा फोटो काढून देणारी; तिच्यावर उभ्या असलेल्या साध्या ॲपमध्ये रकाना दिसतो पण बोट लावलं तर काही होत नाही. प्रवेशशुल्काची 'एकूण' शून्यावरच राहिली तर बेरीज करणारा छोटा प्रोग्रॅम तिथे चाललेला नाही. कॅल्क्युलेटर काढा.

पाचवा मुद्दा, नाइलाजानं, अर्धा मान्य. कॉम्प्युटरवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडलेला फॉर्म ब्राउझरपेक्षा भरवशाचा असतो, मीही गिऱ्हाइकांना तेच सांगतो. पण कारण सुरक्षितता हे नव्हे. ब्राउझरचा व्ह्यूअर फाईलला कोंडून ठेवूनच उघडतो, त्यामुळे अनोळखी पीडीएफ नुसती वाचायची असेल तर तो चांगलाच.

चौथा, सहीचा. बहुतेक ब्राउझर आणि मोबाईल ॲप डिजिटल सही तपासतच नाहीत, पानावर रेखाटलेलं प्रश्नचिन्ह तेवढं दाखवतात. कॉम्प्युटरवरच्या ॲक्रोबॅटमध्येही पहिल्यांदा 'व्हॅलिडिटी अननोन' येतं, कारण भारतातल्या बऱ्याच प्रमाणपत्रांवर विश्वास ठेव असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ई-आधारच्या बाबतीत तर खुद्द आधार प्राधिकरणानंच सहीवर राइट क्लिक करून ती कशी पडताळायची ते लिहून ठेवलंय. तेव्हा पिवळं म्हणजे नकली नाही, न तपासलेलं. आणि हिरवी टिक? तिचं चित्र कुणालाही चिकटवता येतं, आणि कागदावर छापली की तिला काहीच अर्थ उरत नाही. २०१९ मध्ये जर्मनीच्या बोखुम विद्यापीठातल्या संशोधकांनी २२ पैकी २१ डेस्कटॉप रीडर सहीच्या बाबतीत फसवून दाखवले होते. कंपन्यांनी नंतर दुरुस्त्या केल्या, म्हणून रीडर अपडेट ठेवा. आणि वर सांगितलेली 'सेव्ह ॲज पीडीएफ'ची युक्ती सही केलेल्या दाखल्यावर करू नका, सही मरते. मूळ फाईल जशी आली तशीच पुढे द्या.

ज्या काकांनी भजनी मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली त्यांना मी फोन केला. त्यांनी ती काढली. नाटकमंडळीच्या ग्रुपवर मुद्दा तीन वाचून सेक्रेटरीला चारचौघांत लबाड म्हणणारेही तेच. त्याचं काय, असं विचारलं, तर म्हणाले, ते, तो चवथीला घरी येईल तेव्हा बघतो.