काका, पाइप मावत नाहीये

दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चौदा मुलं आणि मी सतरंजीवर बसतो. मुलं पाच ते आठ वर्षांची. त्यांचे गुडघे वाकतात, माझे वाजतात.

दोष माझ्या तोंडाचा. सर्वसाधारण सभेत चित्रकलेच्या वर्गाचा विषय निघाला आणि मी उठून बोललो, की मुलांना विषय देऊ नयेत, त्यांचे त्यांना निवडू द्यावेत. व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक नावाच्या चित्रकला शिक्षकानं १८९७ मध्येच मुलांसाठी असा मोकळा वर्ग काढला होता, हेही सांगून टाकलं. आमच्या सभेत ज्याची सूचना त्याच्याच गळ्यात, हे मला बावीस वर्षं राहून माहीत असायला हवं होतं.

पण मी पोळलेला माणूस आहे. एलिमेंट्रीच्या परीक्षेला स्मरणचित्र असायचं. आमच्या सरांनी त्यावर एकच तोडगा शिकवला होता: डावीकडे झाड आणि मध्ये डोक्यावर टोपली घेतलेली पाठमोरी बाई. पाठमोरी, म्हणजे नाकडोळे काढायला नकोत. विषय मंडई असला तर टोपलीत भाजी, जत्रा असली तर नारळ. बसस्टॉप असला तर बाई तीच, शेजारी फक्त एक खांब. स्मरणचित्र हे नाव किती चपखल आहे ते मला फार उशिरा कळलं. आम्हाला स्मरत होता तो सरांचा फळा.

तर पहिल्या शनिवारी मी दोन्ही हात पसरून म्हणालो, ‘‘आज हवं ते काढा!’’

शांतता.

‘‘म्हणजे काय काढू?’’

‘‘तुला आवडेल ते.’’

‘‘तुम्हाला काय आवडेल?’’

सहा वाजता माझ्यासमोर चौदा कागदांवर अठ्ठावीस डोंगर होते. प्रत्येक जोडीच्या फटीतून एक सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर कौलारू घर आणि नारळाचं झाड. आमच्या हॉलच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, पण टाकी कुणाला सुचली नाही. बरं, ‘डोंगर काढू नका’ म्हणावं, तर तो मीच दिलेला विषय झाला! चार शनिवार मी ते डोंगर गिळले. हिरव्या खडूच्या कांड्या संपत आल्या, काळ्याला कुणी हात लावला नव्हता.

पाचव्या आठवड्यात सोसायटीचं ड्रेनेज तुंबलं. बी विंगचं चेंबर उघडून मोकळं केलं, पण ए विंगचं सापडेचना. आदल्या वर्षी पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि मूळ नकाशा कुणाकडेच नव्हता. प्लंबर तीन दिवस फरशा ठोकत फिरत होता. ड्रेनेजची गाडी दोनदा येऊन परत गेली. सेक्रेटरी रोज खाली उभे राहून ओरडत होते.

त्या शनिवारी बी-२०३ नं (पोरांना मी फ्लॅट नंबरानंच ओळखतो) काळा खडू उचलला आणि काही न विचारता ती गाडी काढायला घेतली. पाच मिनिटांनी हाक आली, ‘‘काका, पाइप मावत नाहीये.’’

मी दुसरा कागद चिकटवून दिला. मग तिसरा. सहाव्या कागदाला बाकीच्यांनी डोंगर टाकले आणि पाइपवर धावून आले. पाइप सतरंजीवरून खांबाला वळसा घालून बी विंगमध्ये शिरला. विंगला भिंती नव्हत्या. प्रत्येक मजल्यावर प्रत्येक कुटुंब आपापल्या संडासात बसलेलं स्वच्छ दिसत होतं. या वयातली मुलं डोळ्यांना दिसतं ते काढत नाहीत, ठाऊक असतं ते काढतात, आणि मनाला जे मोठं वाटतं ते कागदावरही मोठं होतं, असं मुलांच्या चित्रांचा अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड लिहून गेलाय. त्यामुळे सेक्रेटरी गाडीपेक्षा उंच झाले होते आणि त्यांच्या उघड्या तोंडात पाइप सहज गेला असता.

नेमके तेच सहा वाजता हॉलला कुलूप लावायला आले. मी सतरंजी गुंडाळायची धडपड केली, पण तिच्यावर चौदा मुलं बसली होती.

ते बराच वेळ वाकून बघत राहिले. स्वतःला ओळखलं असावं, कारण कान लाल झाले. मग बोट एका चौकोनावर टेकलं.

‘‘ही माझी गाडी ना?’’

‘‘हो,’’ बी-२०३ म्हणाला.

‘‘मग तिच्या पोटात हे गोल काय काढलंयस?’’

‘‘झाकण. चेंबरचं.’’

‘‘गाडीच्या आत?’’

‘‘आत नाही काही, खाली. बॉल गेला की मीच जातो ना आणायला.’’

सेक्रेटरींनी एकदा चित्राकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू विषय मीच दिला होता. मग हॉलची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि खिशात गाडीची किल्ली चाचपत खाली गेले.

‘‘काका,’’ बी-२०३ म्हणाला, ‘‘अजून एक कागद द्या. आता गाडी हलली.’’